गोळ्यांचा वानवळा

शिरूर-दौंड हा काही कुणी हौसेनं हिंडायला जाण्याचा मुलूख नव्हे. मी तिकडे निघालेय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" मी म्हटलं, "लोकांची पोटं." त्या हसल्या नाहीत. माझे विनोद कळणारं माणूस जगात एकच होतं, माझी अक्का, आणि ती गेल्या वर्षी गेली.

आम्ही दोघी बहिणी, दोघी बिनलग्नाच्या, पुण्यात दोन खोल्यांत जन्मभर राहिलो. ती शाळेत शिकवायची, मी एका तपासणी प्रयोगशाळेत जंतूंच्या विभागात होते. रोग्याच्या रक्तातले नाहीतर शौचातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, त्यांच्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडला ते औषध चालतं. जंतू चकतीला भिडून वाढले, की ते औषध गेलं. मी नोकरीला लागले तेव्हा आतड्याच्या जंतूंची बशी गोलांनी भरलेली असायची. निवृत्त होताना एखादा गोल दिसला तरी आम्ही एकमेकींना हाका मारून दाखवत होतो.

आमच्या प्रयोगशाळेतले जुने डॉक्टर आता गावोगाव माहिती गोळा करतात. जुलाब झाले, टायफॉइड झाला, तर लोक गोळ्या घेतात कशा, हे घरात जाऊन विचारायला त्यांना एक बाई हवी होती. मी लगेच हो म्हटलं. समाजसेवेचा उमाळा वगैरे नव्हता. संध्याकाळी कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायचा मला कंटाळा आला होता, एवढंच.

शिरूर

एसटीनं शिरूरला उतरले आणि स्टँडाजवळच्या लॉजवर पिशवी टाकली. जेवायला खानावळीत गेले. इकडे मासवडी खावी असं ऐकून होते. मासवडीचा माशाशी काही संबंध नाही. बेसनाच्या पारीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून केलेल्या वड्या आणि सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा काळा रस्सा. वाढप्यानं विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "एकच." त्यानं माझ्या मागे बघून खात्री करून घेतली. मासवडीची थाळी एकट्या माणसाला संपत नाही. अक्का असती तर तिनं वड्या खाल्ल्या असत्या, मी रस्सा प्याले असते आणि वर कुणी जास्त खाल्लं यावरून भांडलो असतो. मी निम्मं टाकलं आणि उगाच त्या वाढप्याची माफी मागितली.

रस्सा बाधू नये म्हणून औषधाच्या दुकानात गेले. माझ्या पुढे मोटारसायकल चालूच ठेवून एक माणूस उभा होता. "पोट बिघडलंय. मागल्या टायमाची ती पिवळी द्या. दोन." दुकानदारानं कात्रीनं पट्टीतून दोन गोळ्या कापून दिल्या. त्यानं चिठ्ठी मागितली नाही, यानं दाखवली नाही.

मला राहवलं नाही. "दोनच?"

"दोनात थांबतंय की वो," तो माणूस म्हणाला. "थांबल्यावर कशाला खायाची? गोळी गरम पडती."

तो गेल्यावर दुकानदार मला समजावत म्हणाला, "मॅडम, आख्खी पट्टी इथं कोण घेत नाही." जणू पट्टी हा काही पुणेरी चोचला होता.

न्हावरे

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला गेले. गावापासून वस्ती लांब, म्हणून एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर दोन कॅनच्या मधे बसले. एका खड्ड्यात झाकण उडालं आणि दूध माझ्या साडीवर. दूधवाला म्हणाला, "असू द्या, शकुन असतो." शकुन असेल, पण दिवसभर माश्या माझ्याबरोबर घरोघर फिरत होत्या.

डॉक्टरांनी प्रश्न ठरवून दिले होते. पहिला प्रश्न असा की, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केलात का? पहिल्याच घरातल्या आप्पांनी छाती पुढे काढून सांगितलं, "व्हय, पुरा केला. पाबळला. वेल्डिंगचा." दुसऱ्या घरी सुनेचा नर्सिंगचा कोर्स लग्नामुळं अर्धा राहिला होता आणि तो पुरा करायला मी सासूला सांगावं, अशी तिची फार इच्छा होती. तिसऱ्या घरापासून मी तो शब्द सोडला आणि सरळ गप्पा मारू लागले.

अशीच सखूबाईंच्या अंगणात पोचले. घरची पूर्वी मेंढरं होती. आता कांदा, थोडा ऊस आणि दोन म्हशी. कांदे काढणी चालू होती. सगळ्या वस्तीत कांद्याचा हिरवा, उग्र वास भरून राहिला होता. सखूबाई माझ्याच वयाच्या, पण मी वाकून चालते आणि त्या ताठ. पाणी दिलं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वाटीभर दूध पुढे केलं आणि मगच विचारलं, "कुठल्या म्हणायच्या? मालक काय करत्यात?"

"लग्न नाही केलं."

"मंग घरी कोण असतं?"

"कुणी नाही. बहीण होती, ती गेली."

"मंग जेवता कुणासंगं?"

"कुणाबरोबर नाही. रेडिओ लावते."

सखूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग घरात तोंड करून ओरडल्या, "अगं रूपाली, ह्या ताई एकट्याच जेवत्यात बग!" एखाद्या मोठ्या आजाराची बातमी द्यावी तसा स्वर. माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी पडली. मला हसू आलं. मग चटणी तिखट लागली असं सांगून मी डोळे पुसले.

जेवताना त्या फडक्यात कांदे बांधत होत्या. चार गाठोडी. "कुणाला?" मी विचारलं.

"वानवळा. पहिला माल निघाला की चार घरी जातो. एकट्यानं खाल्लं तर पचत न्हाई."

आमच्या इमारतीत कुणाला काही द्यायचं तर आधी फोन करून विचारावं लागतं, गोड चालतं का, आणि दार उघडायला वेळ आहे का. मी ते सांगितलं तर त्यांना मी थट्टा करते आहे असं वाटलं.

रूपाली ही त्यांची सून. ती बाहेर आली नाही म्हणून मीच आत गेले. खाटेवर गोधडी घेऊन पडली होती. ओठ फुटलेले, जीभ पांढरी, हात तापलेला. शेजारी दोन वर्षांची मुलगी आईचा पदर ओढत बसलेली.

"मुदतीचा ताप हाय," सखूबाई म्हणाल्या. "टायफड. आदी हागवण लागली, मंग ताप. टाकीचं पाणी खराब झालं तवा समद्या वस्तीलाच झालं. डाक्टरनं गोळ्या दिल्या, चांगला गुण आला, ताप उतरला. आन् आता परत चढलाय."

"गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या?"

"समद्या कशा?" त्या माझ्या अडाणीपणावर हसल्या. "हिला गुण आला की. आन् तवा पलीकडची जना पडलेली, तिची लेक पडलेली, खालच्या आळीला दोघं. लागू पडणारी गोळी घरात असताना हिनं एकटीनंच खायाची? लोकं काय म्हणतील? दिला वानवळा. दोन-दोन, तीन-तीन. त्यांना बी उतार पडला."

मी कपाळावर हात मारला. बशीत जे आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो, त्याची सुरुवात अशी होते, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. कुणी आळशी नव्हतं, बेफिकीर नव्हतं. चांगुलपणानं वाटलं होतं.

"आन् आता बगा," सखूबाई अभिमानानं म्हणाल्या, "हिला परत ताप आला कळल्यावर समद्यांनी घरात उरलेल्या गोळ्या माघारी धाडल्यात." त्यांनी फडताळातून एक स्टीलची वाटी काढून माझ्या हातात दिली. वाटी गोळ्यांनी भरलेली. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, अर्ध्या तोडलेल्या, तांबड्या-काळ्या कॅप्सुला, आणि मधोमध अंगठ्याएवढी एक जाडजूड गोळी.

"ही कसली?"

"म्हशीची. तिला बी हागवण लागली होती. अर्धी दिली तर चालंल न्हवं? आज सांच्याला सुरू करायच्या."

"नाही!" मी ओरडलेच. पोरगी रडायला लागली. "यातली एकही द्यायची नाही. एकही!"

सखूबाईंचा चेहरा पडला. वाटी माझ्या हातातून काढून घेत त्या म्हणाल्या, "लोकांनी पोटच्या मायेनं दिल्यात, ताई. तुमचं कुणी आजारी न्हाई, म्हणून बोलता."

ते लागलं मला. तरी मी बसले. शेतात हरळी माजते, ती अर्धी खुरपून सोडली तर काय होतं, असं विचारलं. "जास्ती माजती," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, पोटातल्या जंतूंचं तेच. दोन-तीन गोळ्यांनी मऊ असतात ते मरतात, चिवट असतात ते राहतात. मग शेतभर चिवटच उरतात. हागवणीतून ते पाण्यात जातात, पाण्यातून पुढच्या घरात. आणि पुढच्या वेळी ती गोळी लागूच पडत नाही.

त्यांनी हातातल्या वाटीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी म्या गोळी न्हाई वाटली. दुखणं वाटलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. कुणाला असा हात लावून किती महिने झाले होते, ते मला तेव्हा जाणवलं.

रूपालीचा नवरा दत्तू रांजणगावला कंपनीत कामाला. तो शिफ्ट संपवून आला तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं की आता नुसत्या गोळ्या नकोत, रक्त तपासून कोणतं औषध चालतं ते बघायला हवं, नाहीतर आतडं फाटून जीव जायची भीती असते. त्यानं आईकडे बघितलं. सखूबाई म्हणाल्या, "माहेरी न्हेऊ. आजारात बाईला आय पाहिजे. आन् तिथनं दौंडच्या दवाखान्यात." माहेर भांडगाव. मीही तिकडंच जाणार होते. म्हटलं, मी येते.

भांडगाव

सकाळी शेजाऱ्याच्या टेम्पोत रूपालीला गोधड्यांवर निजवलं, सखूबाई आणि मी तिच्या दोन बाजूंना बसलो. पोरीला पलीकडच्या जनाबाईनं ठेवून घेतलं. पोर आईच्या दिशेनं हात पसरून रडत राहिली आणि टेम्पो निघाला. भीमा ओलांडली. नदीवर जलपर्णीचं हिरवं जाजम पसरलेलं, पाणी दिसतच नव्हतं. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मग हायवे, आणि हायवेला लागून भांडगाव. एरवी मी खिडकीतून डोंगर-झाडं बघून अक्काला सांगत बसले असते. त्या दिवशी मी रूपालीच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते.

रूपालीची आई हौसाबाई एकटीच राहते. मालक वारले, मुलगा कामाला परगावी. दारात गवारीचा आणि शेवंतीचा तुकडा. तिनं लेकीला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग आम्हाला चहा टाकला. चहा गाळताना ती मधेच भिंतीला टेकली. मी विचारलं, बरं वाटत नाही का?

"पोट बिघाडलंय चार रोज. काही न्हाई. विहीनबाईंनी गोळ्या धाडल्या होत्या, त्यातल्या खाल्ल्या."

"कुणी धाडल्या?"

"ह्यांनीच की. कांद्याच्या पिशवीत पुडी होती."

सखूबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. मी न्हावऱ्याहून भांडगावला आले ती वाट वानवळा माझ्या आधीच चालून गेला होता. मी हौसाबाईला पाणी उकळून प्यायला सांगितलं, कुणासाठी स्वयंपाक करू नको म्हटलं, आणि ताप आला तर घरात बसू नको असं दोनदा बजावलं. ती मान डोलावत होती, पण नजर लेकीवर.

दुपारपासून रूपाली बरळायला लागली. मेंढरं मोजत होती. लहानपणी बापाबरोबर मोजायची, हौसाबाईनं सांगितलं. रात्र तिथं काढायचा बेत आम्ही मोडला.

दौंड

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. दवाखान्यातही गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात. डॉक्टर तरुण होता, पण ऐकून घेणारा. रक्त घेऊन पुण्याला पाठवलं, तोवर अंदाजानं एक इंजेक्शन सुरू केलं. मग वाट बघणं. प्रवासवर्णनात वाट बघण्याचं वर्णन कुणी करत नाही, मीही करत नाही. एवढंच सांगते की दवाखान्यासमोर मिळणारा वडापाव बरा असतो, चहा फार गोड असतो, आणि रोग्याच्या पायाशी दोन बायका तासन्‌तास बसू शकतात.

बशी मला न बघताच दिसत होती. जंतू रात्रीतून वाढताहेत, चकत्यांना भिडताहेत. नोकरीत हजारो बशा बघितल्या, पण त्यांच्यामागचं तोंड कधी माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. मला भीती वाटत होती.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. गोळ्या सगळ्या गेल्या होत्या. सुरू केलेलं इंजेक्शनही चालत नव्हतं. एक औषध उरलं होतं, सलाईनमधून द्यायचं, रोज, आणि बरेच दिवस. "हे अर्धवट सोडलं तर पुढं माझ्याकडे काही नाही," ते म्हणाले.

नवं औषध लागलं. पहिले दिवस काही कळेना. मग एका सकाळी रूपालीनं डोळे उघडून विचारलं, "पोरीनं दूध पिलं का?" सखूबाई माझ्या गळ्यात पडल्या. थर्मामीटरचा पारा खाली आला होता. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण सखूबाई गाठोडं बांधायला लागल्या होत्या.

"कुठं निघालात?"

"घरी. उतार पडला न्हवं? म्हशी जनीच्या जिवावर, कांदा वावरात पडलाय, दत्तूच्या रजा संपल्या. उरलेल्या बाटल्या घरी न्हेऊ. कुणाच्या तरी कामाला येतील."

मी दारात आडवी उभी राहिले. भांडायच्या तयारीनं. पण त्या गाठोड्यावर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "कळतंय वो मला. समदं कळतंय. हरळी. पर हिच्यापाशी बसायचं कुणी? पेशंटजवळ माणूस लागतं. मी गेले तर ही एकटी, मी न्हाई गेले तर तिकडं समदं उघड्यावर. हौसाबाईला बसवू, तर तिला स्वतःला उभं ऱ्हाता येईना."

घरी आपली कुणी वाट बघत नाही, ही गोष्ट मी लोकांपासून लपवते. भाजीवाल्याला सांगते, पाहुणे यायचेत, पावशेर जास्त दे. त्या दिवशी मी ती मोठ्यानं सांगितली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "मी बसते. मला घरी कुणी नाही. मी कितीही दिवस बसू शकते."

सखूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गाठोडं सोडलं, त्यातली भाकरी आणि चटणी माझ्या हातात दिली, आणि सुनेच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ही बाटली वाटायची न्हाई, रूपे. सरेपर्यंत तुझी एकटीची." आणि गेल्या.

मग मी आणि रूपाली. ती मला मेंढरांची नावं सांगायची, मी तिला अक्काच्या गोष्टी. माझे विनोद तिला कळत नव्हते, पण ती हसायची. नर्सनं एकदा विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" रूपाली म्हणाली, "मावशी." रात्री दिवे मंद झाले की मी तिच्या हातातली सुई बघत बसायची आणि एवढ्या माणसांच्या श्वासांत झोपायची सवय गेली आहे, हे कळायचं. एकटेपणा गेला नव्हता. फक्त त्याला बसायला एक स्टूल मिळालं होतं.

शेवटची बाटली संपली त्या दिवशी मी दुपारच्या गाडीचं पुण्याचं तिकीट काढून आणलं. सखूबाई टेम्पो घेऊन आल्या. रूपाली स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेली. डॉक्टर खूश, नर्स खूश. मला निरोपाचे शब्द जमत नाहीत, म्हणून मी आधीच पिशवी खांद्याला अडकवून उभी होते.

सखूबाईंनी आभार वगैरे मानले नाहीत. माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "कालपासनं हौसाबाईला ताप चढलाय. फोन आलता. गोळ्या हायत तिच्याकडं, पर म्या सांगितलंय, शिवायचं न्हाई."

"छान केलंत. तिलाही इथंच आणा, रक्त तपासायला हवं."

"आणायचं तर हायच. पर तिच्यापाशी बसायचं कुणी? तुम्ही म्हणलात गोळ्या वाटू नका. न्हाई वाटत. पर ताई, माणूस तर वाटून घ्यावंच लागंल न्हवं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी टेम्पोतली पोती सरकवली, माझ्यापुरती जागा केली आणि माझी पिशवी ओढून आत टाकली. स्टेशनात पुण्याची गाडी लागल्याची घोषणा चालली होती. मी टेम्पोत चढले.